मागील अंकावरून पुढे चालू

मराठी नियतकालिकांच्या पानांवर दोन लहानशा ओळी पिढ्यान्‌पिढ्या छापल्या जात आहेत. एक असते मजकुराच्या माथ्यावर : 'मागील अंकावरून पुढे चालू'. दुसरी असते पायथ्याशी, बहुधा कंसात : 'क्रमशः'. जागा भरण्यापलीकडे या ओळींना काही काम असेल, असे वरवर पाहणाऱ्यास वाटणार नाही. परंतु पहिली ओळ वाचकास सांगते, 'आपली जुनी ओळख आहे.' दुसरी सांगते, 'आपली पुढची भेट ठरली आहे.' या दोन ओळींच्या आधाराने कित्येक मासिके जगली आणि कित्येक वाचक घडले.

या विषयावर लिहावयास निमित्त झाले ते आमच्या लातूरच्या धर्मग्रामातील एका रविवारच्या बोलण्याचे. मिस्सा आटोपून मंडळी चर्चच्या अंगणात लिंबाखाली उभी होती. आपल्यासारख्या त्रैमासिकाने एखादी दीर्घकथा क्रमशः द्यावी काय, असा प्रश्न कोणी तरी काढला. एक वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले, "तीन महिन्यांनी पुढचा भाग येणार. तोवर मागचे लक्षात कोण ठेवतो?" महाविद्यालयात शिकणारा एक तरुण म्हणाला, "काका, आता सगळं हातातल्या फोनवर लगेच मिळतं. थांबायची सवयच कुणाला राहिली नाही." दोघांचेही म्हणणे अनुभवाचे होते. त्यांना तिथल्या तिथे उत्तर देणे आम्हांस जमले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम एका शब्दाकडे पाहू. आमच्या वडिलांचे शिक्षण निजामी अमदानीत नांदेड येथे उर्दू माध्यमातून झाले. मराठवाडा १९४८ साली मुक्त झाला, १९५६ साली हैदराबाद राज्यातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. पण वडिलांच्या तोंडी आठवड्याला 'हफ्ता' हाच शब्द अखेरपर्यंत राहिला. फारसीत 'हफ्त' म्हणजे सात. सात दिवसांचा तो हफ्ता. मराठीत या शब्दाचा हप्ता झाला आणि तो सावकाराच्या वहीत जाऊन बसला. आज हप्ता म्हटले की आपल्याला कर्जफेड आठवते. कथेच्या भागालाही आपण हप्ताच म्हणतो, आणि हा योगायोग आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. वाचक वर्गणी आगाऊ भरतो, पहिला भाग वाचण्यासाठी आपला वेळ देतो, कथेतील माणसांवर जीव लावतो. एवढे भांडवल त्याने विश्वासाने गुंतवलेले असते. पुढचा प्रत्येक भाग म्हणजे त्या ऋणाची फेड होय. 'क्रमशः' ही वाचकासाठी लावलेली गळ नव्हे, ती संपादकाने व लेखकाने लिहून दिलेली चिठ्ठी आहे.

नांदेडच्या आमच्या घरात या चिठ्ठीची किंमत आम्ही लहानपणीच पाहिली. नवे मासिक विकत घेण्याची ऐपत नव्हती. स्टेशनजवळच्या रद्दीच्या दुकानातून वडील जुन्या अंकांचे गठ्ठे आणीत. रात्री जपमाळेची प्रार्थना झाली, जेवणे उरकली, की कंदिलाच्या उजेडात ते एक हप्ता मोठ्याने वाचून दाखवीत. एकच, अधिक नाही. गठ्ठ्यात पुढचा अंक समोर पडलेला असे, तरीही नाही. आमच्या आजीला अक्षरओळख नव्हती. परंतु कथेतील कोणती सून कोणाची, कोणाचे कोणाशी वैर, हे तिच्याइतके कोणाच्या ध्यानात नसे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाकरी थापता थापता ती कालचा भाग आम्हां मुलांकडून वदवून घेई. कोणी चुकले की म्हणे, "असं नव्हतं लेकरा. आधी पत्र आलं, मग ती रडली." लक्षात कोण ठेवतो, या प्रश्नाचे पहिले उत्तर आम्हांस चुलीपुढे मिळाले : ज्याला उद्याचा भाग ऐकायचा आहे, तो ठेवतो. हप्त्यांमधला वेळ वाया जात नसतो. त्या वेळात कथा ऐकणाऱ्याच्या मनात मुरत असते.

एकदा गठ्ठ्यातील मधलाच एक अंक निघाला नाही. नायिका गाडीत बसून माहेरी निघाली आणि त्यानंतरच्या अंकात ती एकदम सासरी परत आलेली! वडील दोन दिवस तो गठ्ठा पुन्हा पुन्हा चाळीत राहिले. शेवटी आजी म्हणाली, "मधलं आपण लावू की." मग घरातील प्रत्येकाने माहेरी काय झाले असेल ते सांगितले. आईने सांगितलेला भाग ऐकून सर्व गप्प झाले. त्यात तिचे स्वतःचे माहेर होते, हे पुष्कळ वर्षांनी आमच्या ध्यानी आले. मूळ लेखकाने त्या हप्त्यात काय लिहिले होते, हे आम्हांस आजतागायत ठाऊक नाही, आणि खरे सांगावयाचे तर जाणून घेण्याची इच्छाही नाही.

आमच्या घरी जे घडत होते ते त्याआधी साठ-सत्तर वर्षे महाराष्ट्रभर घडून गेले होते. १८९० साली हरि नारायण आपटे यांनी पुण्यात 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी भागाभागाने प्रसिद्ध केली. यमू नावाची एक मुलगी आपली कहाणी आपल्याच शब्दांत सांगते. तिचे बालपण, लग्न, वैधव्य आणि केशवपनाची विटंबना वाचकांसमोर उलगडत जाते. हीच कहाणी एखाद्या निबंधात मांडली असती, तर सनातनी गृहस्थाने ती चार पाने वाचून बाजूला टाकली असती. परंतु यमू त्याच्या घरी आठवड्यामागून आठवडे येत राहिली. ओसरीवर तिचे बोलणे वाचले जाई आणि आत माजघरात ऐकले जाई. जी मुलगी इतक्या वेळा आपल्या घरी आली, तिच्या डोक्यावरचे केस काढले जाताना तटस्थ राहणे कठीण असते. एका बैठकीत जे मन वळत नाही, ते वारंवारच्या भेटींनी वळते. कादंबरी ग्रंथरूपाने आली ती १८९३ साली. तोवर यमू वाचकांच्या ओळखीची झालेली होती.

इंग्लंडात चार्ल्स डिकन्स याने हीच वाट त्यापूर्वी चोखाळली होती. 'पिक्विक पेपर्स'चे मासिक भाग एप्रिल १८३६ मध्ये सुरू झाले. पहिल्या भागाच्या सुमारे एक हजार प्रती काढल्या होत्या आणि त्याही नीट खपल्या नाहीत. चौथ्या भागात सॅम वेलर हा हजरजबाबी नोकर कथेत शिरला आणि मागणी वाढू लागली. अखेरीस ती चाळीस हजारांच्या घरात गेली. परंतु आम्हांस अधिक मोलाची वाटते ती दुसरीच एक गोष्ट. मे १८३७ मध्ये डिकन्सची तरुण मेहुणी त्याच्या घरी अचानक निवर्तली. पुढील महिन्याचा भाग तो लिहू शकला नाही. त्यानंतरचा भाग काढताना त्याने वाचकांना खंड का पडला ते कळवले. ज्यांना त्याने कधी पाहिले नव्हते अशा हजारो माणसांना आपण कारण सांगणे लागतो, असे त्याला वाटले. हप्त्याने जोडलेले नाते असे दोन्ही बाजूंनी असते.

येथवरच्या गोष्टी पुस्तकातल्या आणि घरातल्या. 'क्रमशः' या शब्दात किती बळ असते, हे आम्हांस पुरते समजले ते मात्र किल्लारीच्या परिसरात.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे गणेशविसर्जन करून गावे झोपली होती. पहाटे चार वाजण्याच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे भूकंपाने उद्ध्वस्त झाली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची मातीची माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. जवळजवळ दहा हजार माणसे गेली. पुढे तात्पुरते पत्र्याचे निवारे उभे राहिले. त्या दिवसांत काही धर्मभगिनी आणि आमच्यासारखे काही शिक्षक सायंकाळी तेथील मुलांसोबत बसत असू. शिकवणे हे नावापुरते. खरी अडचण अंधार पडल्यावर सुरू होई. मुले झोपावयास तयार नसत. मृत्यू झोपेतच आला होता, हे त्यांनी पाहिले होते. डोळे मिटले की जमीन हलते, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. मोठी माणसे 'आता काही होत नाही' म्हणत. परंतु मधूनमधून बसणारे धक्के मोठ्या माणसांना खोटे पाडीत.

उपदेशाचा उपयोग नव्हता, म्हणून आम्ही एक गोष्ट सुरू केली. तेरणा नदीच्या काठचा एक गुराखी पोरगा, आणि त्याचा हरवलेला खिल्लारी गोऱ्हा. गोऱ्ह्याच्या खुरांचा माग काढीत पोरगा नदीच्या उगमाच्या दिशेने निघतो. दर सायंकाळी एक मुक्काम. कधी वाटेत पूर येई, कधी धनगरांचा वाडा लागे, कधी एखादी म्हातारी त्याला भाकरीचा तुकडा देई. तो तेरला पोहोचला त्या दिवशी मुलांनीच आम्हांस गोरोबाकाकांची सारी हकीकत ऐकवली. गोष्टीत मोठे रहस्य नव्हते. रोज निघताना आम्ही एवढेच म्हणत असू, "पोरगा आता झाडाखाली झोपला. सकाळी उठून पुढे जाईल. पुढचं उद्या."

चौथ्या-पाचव्या दिवशी एका सात-आठ वर्षांच्या मुलाने आमचा सदरा धरून विचारले, "गुरुजी, उद्या नक्की हाय का?" आम्ही म्हणालो, "नक्की आहे. मी येणार." तो गोष्टीविषयी विचारीत होता की उद्याविषयी, हे तेव्हा आम्हांस कळले नाही. त्याचे त्यालाही कळले नसावे. परंतु त्या रात्री तो लवकर झोपला, असे त्याच्या मावशीने सांगितले.

पुढे एका सायंकाळी मुसळधार पाऊस आला. ओढ्याला पाणी आले, एस.टी. अलीकडच्या गावी थांबली. चिखल तुडवीत आम्ही पोहोचलो तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते. पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की बोललेले ऐकू येईना. तरी सारी मुले जागी, रांगेत बसलेली. त्या रात्रीचा भाग जेमतेम पाच मिनिटांचा झाला. परंतु मुलांना पाहिजे होते ते गोष्टीतले पुढचे पाऊल नव्हते; जो येतो म्हणाला तो आला, एवढेच त्यांना पाहावयाचे होते. पंधराव्या दिवशी, ठरल्याप्रमाणे, गोऱ्हा सापडला आणि पोरगा घरी परतला. काही मुलांनी हट्ट धरला, "अजून वाढवा की गुरुजी." आम्ही वाढवली नाही. ज्या मुलांची घरे अर्ध्या रात्री संपली होती, त्यांना एक तरी प्रवास नीट घरापर्यंत पोहोचलेला पाहू द्यावा, असे वाटले.

अरबी कथांतील शहरजाद हिची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्या सुरस गोष्टी मराठीत आणल्या. शहरजाद रोज रात्री गोष्ट अपुरी ठेवते आणि राजा तिचा वध दुसऱ्या दिवसावर ढकलतो. तिच्या चातुर्याचे आपण कौतुक करतो. परंतु तिने राजाला दिले ते गोष्टींपेक्षा मोठे होते. ज्याचा माणसांवरचा विश्वास उडाला होता, त्याला तिने पुन्हा वाट पाहावयास शिकवले.

वाट पाहणे ही तर आपल्या परंपरेने जपलेली शिकवण आहे. चातुर्मासात गावोगावी श्रीधरस्वामींचा 'हरिविजय' वाचला जातो. ३६ अध्याय, ठरल्या वेळी, ठरल्या ओसरीवर. कथा सर्वांस ठाऊक असते. तरी माणसे येतात. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांचे दर आठवड्यास एक नवे गीत, सुधीर फडके यांचे संगीत. त्या वर्षी अधिक मास आल्याने गीते ५६ झाली. रामाचे पुढे काय होणार, याविषयी एकाही श्रोत्यास शंका नव्हती. तरीही घरोघरी रेडिओभोवती माणसे जमली. केवळ उत्कंठेने वाचक टिकतो म्हणणाऱ्यांना हे मोठेच उत्तर आहे.

आपल्या ख्रिस्ती परंपरेतही हे आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे छापले गेले. जवळजवळ ११ हजार ओव्या, दोन पुराणे, मिळून ९५ 'अवस्वरू'. एका बैठकीत वाचण्यासाठी ते रचलेलेच नव्हते. आणि आज प्रत्येक रविवारी आपण ऐकतो ते शुभवर्तमान तरी वेगळे काय आहे? १९६९ सालच्या आगमनकाळापासून रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात बांधली आहेत : एक वर्ष मत्तय, एक वर्ष मार्क, एक वर्ष लूक. मार्कच्या वर्षी मध्येच सलग पाच रविवार योहानाचा सहावा अध्याय येतो. पाच हजारांच्या भोजनापासून जीवनाच्या भाकरीपर्यंत, थोडा थोडा. एखादा रविवार चुकला तरी पुढच्या रविवारी आलेला माणूस उपाशी परत जात नाही. कारण प्रत्येक वाचन आपल्यापुरते पूर्ण असते. जो प्रत्येक रविवारी येतो, त्याला मात्र आतला धागाही गवसतो. हप्त्याची याहून चांगली घडण आम्ही पाहिलेली नाही.

आता त्या लिंबाखालच्या प्रश्नाकडे येतो. तीन महिन्यांचे अंतर मोठे आहे, हे खरे. साप्ताहिकाला शोभणारी कादंबरी, जिच्यात पात्रांची गर्दी आहे आणि प्रत्येक भाग दारावरच्या थापेने संपतो, ती आपल्याला पेलणार नाही. परंतु लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आठवा. 'संजीवनी'तून ती चित्रे एकेक करून वाचकांसमोर आली आणि १९३४ पासून चार भागांत त्यांचे पुस्तक झाले. त्यातले कोणतेही प्रकरण उघडा. हसवते, रडवते आणि आपल्यापुरते पुरे होते. तरीही पुढचे हवेसे वाटते ते रहस्यामुळे नव्हे, लक्ष्मीबाईंच्या सहवासामुळे. त्रैमासिकाचा हप्ता असा असावा : भेट पूर्ण व्हावी आणि निरोप घेताना पुन्हा भेटावेसे वाटावे.

दुसरे असे की, सुरू करण्यापूर्वी शेवट हाती असावा. डिकन्सची अखेरची कादंबरी बारा भागांची ठरली होती. १८७० साली तो गेला तेव्हा सहाच भाग लिहून झाले होते, आणि ते कोडे कोडेच राहिले. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ साली निवर्तले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' काही अध्यायांवरच थांबले होते. जिला शाळेचे शिक्षण मिळाले नाही त्या लक्ष्मीबाईंनी पतीचे ते ऋण आपले मानले आणि काव्य पुढे नेले. परंतु प्रत्येक अपुऱ्या कथेला लक्ष्मीबाई मिळत नाहीत. म्हणून वर्षाचे चार अंक, चार भाग आणि शेवटच्या भागाखाली 'समाप्त' असा शब्द. याहून मोठा वायदा करू नये. दूरदर्शन संचावरील काही दैनंदिन मालिका संपण्याचे नावच घेत नाहीत. मेलेली पात्रे परत येतात, लग्ने मोडतात आणि पुन्हा जमतात. त्या प्रेक्षकाला धरून ठेवतात, परंतु त्याला कोठेही पोहोचवीत नाहीत. ज्या कर्जाचा शेवटचा हप्ता कधी येतच नाही, ते कर्ज देणाऱ्याचाही विश्वास अखेर आटतो.

तिसरे, ठरल्या दिवशी अंक दारात पडावा. नाताळचा अंक होळीला मिळाला, तर उत्तमातील उत्तम कथेचाही धागा तुटतो. आणि मागील भागाचा सारांश पाच-सात ओळींत अवश्य द्यावा. नव्या वाचकास तो दार उघडून देतो, जुन्यास ओळखीचे हसू.

त्या महाविद्यालयीन मित्रास आम्हांस एवढेच सांगावयाचे आहे : थांबण्याची सवय मोडलेली नाही, मित्रा, कोणी ठरल्या वेळी येतो, हा भरवसा मोडला आहे. तो भरवसा एका लहानशा त्रैमासिकालाही पुन्हा देता येईल. नांदेड-लातूरकडे आपली कुटुंबे विखुरलेली आहेत. एका गावी चार घरे, दुसऱ्या गावी दोन. मधे लोहा, अहमदपूर, चाकूरचा लांबचा रस्ता. एरवी वर्षानुवर्षे न भेटणारी ही माणसे तीन महिने एकाच पात्राची काळजी करीत असतील, तर त्यांच्यातील अंतर तेवढ्यापुरते कमी झालेले असेल. अशी कथा लिहू शकणारे हात आपल्या धर्मग्रामांत निश्चित आहेत. त्यांनी चारही भाग पुरे करून मगच पहिला भाग संपादकांकडे धाडावा. आणि ज्या घरी वाचू न शकणारी एखादी आजी असेल, तेथे तो मोठ्याने वाचला जावा. रात्रीच्या प्रार्थनेनंतर, एकच हप्ता, अधिक नाही.